ज्वारीच्या गावातलं बिस्कीट

ओट्सची बिस्किटं घरी करणं ही सध्या आमच्या आयटीवाल्या मंडळींची रविवारची पूजा झाली आहे. सोमवारी ऑफिसच्या पँट्रीत किमान एक तरी डबा फिरतोच. "मैदा नाही, साखर नाही, फक्त ओट्स, खजूर आणि थोडंसं बटर." आपण एक उचलायचं, "अरे वा, कळतच नाही हेल्दी आहे म्हणून!" असं म्हणायचं आणि परत कोडकडे वळायचं. मला या बिस्किटांबद्दल तक्रार नाही. चांगली असतात. पण मी पडलो कळंबचा. (यवतमाळचं, चिंतामणीचं कळंब ते वेगळं. आमचं धाराशिव जिल्ह्यातलं, मांजरेकाठचं. नदी ओलांडली की थोड्या वेळात बीड जिल्हा.) ज्या मुलखात भाकरी म्हणजे ज्वारीचीच, तिथल्या माणसाला एक प्रश्न पडतोच: भरड धान्याचं बिस्कीट करायला आपल्याला थेट स्कॉटलंडचं धान्य का लागलं? ज्वारीचं बिस्कीट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच का झालं नाही?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला लागलं की धागा भलतीकडेच जातो. धर्म, निजाम, दुष्काळ, रेशन, सोयाबीन, सगळं त्यात येतं. म्हणून हा वीकांत त्यावर.

सुरुवात बिस्किटापासूनच करू. आज आपण लहान लेकराच्या हातात पहिल्यांदा देतो ती ही वस्तू एकेकाळी माणसाची जात घालवत होती. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली, तेव्हा सभासद व्हायचं तर परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे. हेतू हाच, की पाव खाल्ला म्हणजे जातीबंधन तोडलं. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पाहुण्यांना चहा-बिस्किटं देण्यात आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी (हो, डॉ. आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, न घेणाऱ्यांवर बहिष्कार झाले. कुणी चहा नुसता पुढे सरकवला, कुणी घोट घेतला, यावर वाद! आज चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून तळाला गेलं तर आपण हळहळतो. तेव्हा तो कप हातात धरणं हेच संकट होतं.

यातून एक गोष्ट कळते. बिस्कीट आपल्याकडे घरातून आलंच नाही. ते भट्टीतून आलं, आणि भट्टी दुसऱ्याची होती. सुरतेच्या नानकटाईची गोष्ट हेच सांगते: डचांची बेकरी, ती पुढे पारशी दोटीवाला कुटुंबाकडे आली, आणि तिथून हा प्रकार पसरला. मुंबई-पुण्याच्या बेकऱ्या इराण्यांच्या. आपल्या घरात चूल होती, तवा होता, कढई होती. भाजणं, तळणं, उकडणं येत होतं. चारी बाजूंनी कोंडलेल्या उष्णतेत भाजणं, म्हणजे ज्याला आपण बेक करणं म्हणतो, ते घरात नव्हतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बिस्किटाची पहिली डिपेंडन्सीच आपल्या मशीनवर इन्स्टॉल नव्हती.

आता कळंबला येऊ. हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामावरून, मीर उस्मान अली खानावरून, आलेलं. (२०२३ मध्ये जिल्हा परत धाराशिव झाला.) आणि याच निजामाच्या नावाचं बिस्कीट हैदराबादेत आजही इराणी चहाबरोबर मिळतं: उस्मानिया बिस्कीट. मैदा, लोणी, साखर आणि जिभेला हळूच कळेल एवढं मीठ. ते नेमकं कुणी, कुणासाठी पहिल्यांदा केलं याच्या कहाण्या हैदराबादेत प्रत्येक हॉटेलवाला वेगळी सांगतो, त्यात पडत नाही. मला गंमत वाटते ती वेगळीच. एकाच माणसाचं नाव एका जिल्ह्याला मिळालं आणि एका बिस्किटालाही. जिल्हा ज्वारीचा, बिस्कीट मैद्याचं. राजधानीतल्या बिस्किटात प्रजेचं धान्य नव्हतं. अर्थात निजामाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. जगभर हेच होतं. पांढरं पीठ म्हणजे प्रतिष्ठा, भरडं-करडं म्हणजे गरिबी.

कळंबच्या घरात बिस्कीट शिरलं ते दोन वाटांनी. एक वाट कारखान्याच्या पुड्याची. पार्ले कंपनी १९२९ ची, तिचं ग्लुको बिस्कीट १९३९ चं. युद्धानंतर आणि स्वातंत्र्यानंतर हे पुडे खेड्यापाड्यांत पोचले आणि "आजारी माणसाला भेटायला जाताना काय न्यायचं" या राष्ट्रीय प्रश्नाचं उत्तर मिळालं.

दुसरी वाट माझ्या जास्त जवळची. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरोघरच्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, दूध, वेलदोडे असं सगळं पिशवीत भरून बेकरीत न्यायच्या. बेकरीवाला त्यांच्या डोळ्यांदेखत ते मळायचा, फुगायला अमोनिया टाकायचा, साच्यातून पत्र्यांवर सोडायचा आणि लाकडाच्या भट्टीत सरकवायचा. पैसे किलोवर, फक्त मजुरीचे. रात्री उशिरापर्यंत नंबर लागायचे. लेकरं डबा राखत बसायची, कारण गर्दीत डब्यांची अदलाबदल ठरलेली. मीही राखलाय. शेवटी तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात गरमागरम बिस्किटं घेऊन घरी यायचं आणि पुढं महिनाभर रोज चार. आई दरवर्षी तेच म्हणायची, "आरं, भाकरी चुरून दुधात खाल्ली असतीस तर एवढं ताटकळावं लागलं नसतं."

तुम्हीही लातूर, बार्शी, बीड, सांगली, कुठल्याही तालुक्याच्या गावातले असाल तर हे वाचताना तो वास आला असेल. मला आता वाटतं, महाराष्ट्रातलं खरं "होममेड" बिस्कीट ते हेच. माल घरचा, भट्टी भाड्याची. आजच्या भाषेत क्लाउड. :)

आणि इथंच माझा प्रश्न परत येतो. माल घरचाच न्यायचा होता ना? मग घरात पोत्यानं भरलेली ज्वारी सोडून दुकानातून मैदा विकत आणून का नेला?

पहिलं उत्तर कुणीही देईल: ज्वारीला चिकटपणा नसतो. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही, म्हणून तर भाकरीचं पीठ आधण घालून, तळहातानं रेटून मळावं लागतं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि त्या चिकटपणावर भाकरी थापता येते. सगळं खरं. पण बिस्किटाला ग्लुटेन नकोच असतं! पावाला हवं, बिस्किटाला नको. नानकटाई तोंडात विरघळते कारण तूप पिठाच्या कणांना वेढतं आणि ग्लुटेनला जमूच देत नाही. म्हणजे ज्वारीचा हा "दोष" बिस्किटासाठी गुणच आहे. तांत्रिक अडचण म्हणून हे कारण टिकत नाही.

दुसरं कारण जरा खरं आहे. ज्वारीचं पीठ टिकत नाही. पीठ अख्ख्या दाण्याचं, म्हणजे दाण्यातला तेलकट अंकुरही त्यात दळला जातो. आठ-पंधरा दिवसांत पीठ विटतं, कडवट होतं, भाकरी मोडते. म्हणून आमच्याकडे गिरणीची फेरी दर आठवड्याची. मैद्यातून कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने दुकानात पडून राहू शकतो. व्यापाराला मैदा सोयीचा, ज्वारी गैरसोयीची.

पण मग ओट्सचं काय? ओट्स तर ज्वारीपेक्षाही तेलकट, आणखी लवकर विटणारे. तरी ते जगभर गेले. कसे? ही खरी वाचण्यासारखी गोष्ट आहे.

ओट्स हे कित्येक शतकं घोड्याचं खाणं. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओट्सची व्याख्या देताना स्कॉटिश लोकांना टोमणा मारला होता, की इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात. भारतातही उत्तरेत ओट लावतात ते मुख्यतः जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी. आपल्याकडे ज्वारीची जी पत, तीच युरोपात ओट्सची होती. मग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तीन गोष्टी घडल्या. दाणा सोलून, वाफवून, रुळाखाली चपटा करायचं तंत्र आलं. वाफेनं तेल विटवणारं एन्झाइम मरतं, म्हणून पोहे टिकतात आणि झटपट शिजतात. १८७७ मध्ये क्वेकर हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं. सुट्टं धान्य जाऊन छापील खोका आला. आणि खोक्यावर पाककृती आल्या. फॅनी फार्मर बाईंच्या १८९६ च्या बोस्टनच्या पाकपुस्तकात ओटमील कुकी आहे. पुढे विसाव्या शतकात कंपनीनं ती खोक्यावर छापून घरोघर पोचवली. शेवटचा ठोसा १९९७ चा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ओट्समधल्या विद्राव्य तंतूमुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. घोड्याचं खाणं दीडशे वर्षांत डॉक्टरांचं खाणं झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते पुण्याच्या सुपरमार्केटात आणि तिथून आमच्या पँट्रीत पोचलं.

म्हणजे तंत्र, नाव, पाककृती आणि दावा. ज्वारीला यातलं काय मिळालं?

तंत्र तर आपल्याकडे आधीपासून होतं. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या होतात. लाही म्हणजे काय? कोरड्या उष्णतेत फुटून शिजलेला दाणा. लाह्या दळून त्याचं पीठ ताकात कालवून खाणं हे आपल्याकडे जुनंच, आजारातून उठलेल्या माणसाला तर हमखास. ओट्सचे पोहे ज्या कारणासाठी सोयीचे, त्यातलं बरंचसं काम लाही करते. पण लाहीचं कुणी ट्रेडमार्क काढलं नाही, ती सणाच्या ताटलीतच राहिली.

आणि ज्या काळात ओट्सची प्रतिष्ठा वाढत होती, त्याच काळात ज्वारीची उतरत होती. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढलं, पण लोकांनी त्याला नुसतं "हायब्रीड" म्हटलं आणि तो शब्द कायम नाक मुरडूनच वापरला. खरी चव म्हणजे रब्बीची: शाळू, दगडी, मालदांडी. (मालदांडीचा एम ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यात मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेला. नव्वद वर्षं होत आली, अजून लोक तोच मागतात. एवढा स्टेबल रिलीज आमच्या क्षेत्रात मी पाहिलेला नाही.) खरिपातलं हायब्रीड परतीच्या पावसात सापडलं की कणसात काळं पडायचं.

मग १९७२. मराठवाड्यात ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांच्यासमोर अन्न वाया घालवून बघा, काय ऐकावं लागतं ते कळेल. खडी फोडायची, तळी खोदायची, आणि खायला सुकडी आणि मिलो. सुकडी म्हणजे कामावर वाटलेलं कोरडं, गोडसर पौष्टिक खाणं. आणि मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. हो, ज्वारीच! मूळची आफ्रिकेची, अमेरिकेत जनावरांसाठी पिकवली जाणारी. ज्वारीच्या मुलखात ज्वारी संपली, आणि अमेरिकेतल्या जनावरांची ज्वारी जहाजानं आली. माझ्या आधीच्या पिढीच्या मनात ज्वारी आणि लाचारी यांची गाठ बसली ती तेव्हा. ते लोक पुढे चार पैसे हातात आल्यावर लेकरांना मैद्याचं बिस्कीट देणार नाहीत तर काय देतील? मला तर ते बिस्कीट म्हणजे दुष्काळ संपल्याची पावती वाटते. आई "भाकरी चुरून खा" म्हणायची खरी, पण डालडा-मैद्याची पिशवी भरून बेकरीत रांगही तीच लावायची.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. रेशनवर गहू आणि तांदूळ आले. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं: शंभर-एक दिवसांत पीक, यंत्रानं मळणी, रोख पैसा. रब्बी ज्वारी म्हणजे पाखरं राखा, कंबर मोडून उपटून काढा, पेंढ्या बांधा, मग कणसं मोडा. मजूर मिळत नाही. महाराष्ट्रात १९६०-६१ ला साठ लाख हेक्टरांहून जास्त ज्वारी होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरली आहे. यात नुसती भाकरी गेली नाही, कडबा गेला. कडबा गेला की दावणीची जनावरं कमी होतात, दूध कमी होतं, शेणखत कमी होतं. आमच्या शेजारचा भूम तालुका खव्यासाठी आणि कुंथलगिरी पेढ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या खव्याच्या मुळाशीही शेवटी चाराच आहे. येळवसेला आजही सगळं कळंब, लातूर, धाराशिव शेतात जेवायला जातं. अंबील असते, भज्जी असते, उंडे असतात. पण भोवतीच्या रानात ज्वारी किती असते, ते यंदा नजर टाकून मोजा.

आता तब्येतीचा मुद्दा, कारण शीर्षकात बिस्कीट आहे. इथं भावनेत वाहून चालणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, मैद्यात ३ पेक्षा कमी. मोठा फरक. पण साध्या कणकेत ११ च्या वर! म्हणजे कणकेचं बिस्कीटही वाईट नाही. कोलेस्टेरॉलवर काम करणारा ओट्समधला बीटा-ग्लुकन ज्वारीत नावापुरताच, हेही खरं. मात्र त्या दाव्यासाठी रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतो, म्हणजे साधारण ७० ग्रॅम ओट्स. खालच्या कृतीतल्या एका बिस्किटात ओट्स जेमतेम पावणेचार ग्रॅम येतात. हिशेब करा. हृदयासाठी रोज अठरा-एकोणीस बिस्किटं खायची तयारी असेल तर माझी हरकत नाही.

खरा फायदा धान्यात नाही, चरबीत झाला. डालडा १९३७ चा. आमच्या दिवाळीच्या डब्यातलं सगळ्यात घातक काय होतं तर मैदा नव्हे, त्या वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट. २०२२ पासून भारतात तेल-तुपातलं औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर आणायचा नियम लागू झाला. एवढ्या एका नियमानं जेवढी बिस्किटं सुधारली असतील तेवढी आपल्या सगळ्यांच्या ओव्हननी मिळून नाही.

मग ज्वारीचं बिस्कीट करायचं कशाला? माझं उत्तर: मागणीसाठी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅटनं मिळून २०१८ मध्ये "परभणी शक्ती" हा लोह-जस्त जास्त असलेला वाण दिला. हैदराबादच्या भरडधान्य संस्थेनं ज्वारीचे पोहे, रवा, बिस्किटं यांची तंत्रं तयार केली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्षही होऊन गेलं. तंत्र आहे, नाव आहे. नाहीये ती खोक्यावरची पाककृती, म्हणजे शहरातल्या माणसानं दर महिन्याला दोन किलो ज्वारी घ्यावी असं काही कारण. भाकरी थापता येत नाही म्हणून ज्वारी न घेणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. बिस्किटाला थापायला लागत नाही.

तर ही घ्या. ज्वारीचं ताजं पीठ १२० ग्रॅम, कढईत मंद आचेवर पाच मिनिटं भाजून गार केलेलं. ओट्स ९० ग्रॅम, थोडे भरडलेले (त्याऐवजी ज्वारीच्या लाह्यांचं भरड पीठही चालतं, मग दूध जरा जास्त). शेंगदाण्याचा कूट ३० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, वेलदोडा. ६० ग्रॅम साजूक तूप आणि ६५ ग्रॅम चिरलेला गूळ हातानं फेसून घ्या, कोरडं मिसळा, लागेल तसं तीन-चार मोठे चमचे दूध. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीला पाणी प्यायला वेळ लागतो, घाई केली की बिस्कीट रेताड होतं. चोवीस बिस्किटं, १७० डिग्रीवर सतरा-अठरा मिनिटं. गरम असताना मोडतात, हात लावू नका. एक बिस्कीट साधारण सत्तर कॅलरींचं. गूळ म्हणजे साखरच, फसू नका; फक्त इथं ती नानकटाईपेक्षा बरीच कमी आहे.

ज्वारी मात्र ब्रँडचं पीठ न घेता दाणा घ्या, जमलं तर गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून, आणि कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणा. पिठावर तारीख घालून ठेवा, पंधरा दिवसांत संपवा. उरलंच तर भाकरी शिका.